तालमीची भिंत: प्रकल्प नोंदी, जुलै ते सप्टेंबर २०२५

६ जुलै, रविवार

आज आषाढी, मिटिंगला खिचडी होती त्यामुळं सगळे वेळेवर आले. ठरलं ते असं की यंदा गणपतीत हलता देखावा करायचा नाही, तालमीची रस्त्याकडची लांब भिंत आहे तिच्यावर गेल्या काही वर्षांत गेलेले खेळाडू आणि गाणारे-वाजवणारे लोक लावायचे, एकेकाचं चित्र, खाली थोडका मजकूर, आणि गाणाऱ्यांचं ऐकायची सोय. नोंदी ठेवायचं आणि मजकूर लिहायचं काम माझ्याकडं, चित्रं पेंटरकाका करणार.

कल्पना वस्तादांची. ते म्हणाले कोरोनात माणसं गेली आणि आम्हाला नीट जाता पण आलं नाही. खरंच आहे ते. श्रीपती खंचनाळे गेले डिसेंबर २०२० ला, इथंच कोल्हापुरात, देशाचा पहिला हिंदकेसरी, एरवी किती माणूस लोटलं असतं. पंडित जसराज ऑगस्ट २०२० ला अमेरिकेत गेले. मिल्खासिंग १८ जून २०२१ ला, आणि त्यांच्या आधी पाचच दिवस त्यांच्या पत्नी निर्मल कौर, त्या पण भारताच्या व्हॉलीबॉल टीमच्या कॅप्टन होत्या हे आमच्यातल्या निम्म्यांना आज कळलं. बॅडमिंटनचे नंदू नाटेकर २८ जुलै २०२१, आपल्या सांगलीत जन्मलेला माणूस. ही सगळी माणसं मोबाईलवर एक फोटो, खाली जोडलेले हात, आणि दुसऱ्या मिनिटाला पुढचा मेसेज अशी गेली, आणि मला ते आत कुठंतरी टोचत होतं म्हणून मी लगेच हो म्हटलं.

सुरुवात २०१८ पासून धरायची, कारण पैलवान गणपतराव आंदळकरांशिवाय भिंत नको असं वस्ताद म्हणाले आणि त्याच्यावर कुणी बोललं नाही.

९ जुलै, बुधवार

मजकुराचे नियम ठरवले, ग्रुपवर टाकलेत, इथं पण लिहून ठेवतो.

"भावपूर्ण श्रद्धांजली", "एका युगाचा अंत", "कधीही भरून न निघणारी पोकळी" यातलं काहीही भिंतीवर येणार नाही. ही वाक्यं कुणाच्याही फोटोखाली चालतात म्हणून ती कुणाचीच नाहीत. प्रत्येक बोर्डावर त्या माणसानं केलेली एक गोष्ट पाहिजे, अशी की आठवीतलं पोरगं उभं राहून वाचेल आणि घरी जाऊन सांगेल. मरणाची तारीख खाली बारीक अक्षरात. वर काम.

दुसरा नियम, तारीख आणि आकडा दोन वेगवेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय छापायचा नाही. झाकीर हुसेन यांच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेल, १५ डिसेंबर २०२४ ला रात्री बातमी फिरली, मग घरच्यांकडून आलं की अजून आहेत, प्रार्थना करा, आणि सकाळी उठलो तर खरंच गेलेले. त्या रात्री घरच्यांना काय वाटलं असेल याचा विचार करवत नाही. आपण भिंतीवर लावणार म्हणजे आपल्याकडनं असं काही व्हायला नको.

क्यूआर कोड टाकायचा की नाही यावर वाद झाला. टाकायचाय. पण फक्त आकाशवाणी-दूरदर्शन नाहीतर अधिकृत कंपनीच्या चॅनेलवरचंच रेकॉर्डिंग, कुणीतरी कुठनंतरी उचललेलं नको.

११ जुलै, शुक्रवार

फुटबॉलवाली पोरं आली होती, त्यांना लिव्हरपूलचा दिओगो जोटा पाहिजे. ३ जुलैला स्पेनमध्ये गाडीचा अपघात झाला, तो आणि त्याचा भाऊ आंद्रे सिल्वा दोघंही गेले, तो २८ वर्षांचा, लग्न होऊन ११ दिवस झालेले. पोरांनी स्वतः मजकूर लिहून आणला होता आणि त्यात पहिल्या ओळीपासनं शेवटपर्यंत फक्त हेच, लग्न, अपघात, तीन लेकरं.

एका काकांनी विचारलं, "त्याचा नि आपला काय संबंध रं?" पोरांना राग आला, आणि यायलाच पाहिजे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की ज्या गावात दुकानं लवकर बंद होतात, जिथं पोरं अभ्यासाला नाही पण लिव्हरपूलच्या मॅचला रात्री एक वाजता उठून बसतात, त्या गावाला संबंध काय असं विचारायचं नसतं.

मी पोरांना एवढंच म्हटलं, तुम्ही त्याला खेळताना बघितलंय ना, मग ते लिवा. तासभर बसली. आता बोर्ड असा आहे: पाय डावा असो उजवा असो, नाहीतर डोकं, त्याला फरक पडत नव्हता. शेवटचा गोल २ एप्रिल २०२५, एव्हर्टनविरुद्ध, घरच्या मैदानावर, मॅच १-० आणि तो एक त्याचाच. त्या सीझनला लिव्हरपूलनं विसावं लीग जिंकलं, त्याचा नंबर पण २० होता, क्लबनं तो नंबर आता कायमचा बंद केलाय. अपघात खाली तारखेसोबत एका ओळीत. पोरांनीच मग सांगितलं की हे जास्त लागतंय.

१३ जुलै, रविवार

पैलवानांचे बोर्ड. यात मला लिहायला कमी आणि ऐकायला जास्त, वस्ताद आणि त्यांच्या बरोबरीचे दोघं-तिघं सकाळपासून बसलेले.

श्रीपती खंचनाळे: गाव एकसंबा, चिकोडीकडचं, घडले कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत. १९५९ ला दिल्लीत पहिली हिंदकेसरी झाली आणि ती गदा कोल्हापुरात आली. गणपतराव आंदळकर: शिराळ्याकडचं पुनवत, १९६० चे हिंदकेसरी, पुढं मोतीबाग तालमीचे वस्ताद, १६ सप्टेंबर २०१८ ला गेले. दादू चौगुले: अर्जुनवाडा, मोतीबागचेच, १९७० आणि १९७१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्र केसरी, रुस्तम-ए-हिंद, १९७४ ला न्यूझीलंडात क्राईस्टचर्चला कॉमनवेल्थचं रौप्य. त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला २०१८ ला. पदकानंतर ४४ वर्षांनी. आणि पुढच्या वर्षी २० ऑक्टोबर २०१९ ला ते गेले. पुरस्कार हातात पडला हे बघायला ते होते एवढं तरी झालं.

वस्ताद म्हणाले नुसत्या किताबांची यादी लावू नका, पोरांना वाटंल किताब बाजारात मिळतो. मग काय लिहायचं म्हटल्यावर ते मेहनतीचं सांगायला लागले, पहाटे उठून हौदातली माती उकरायची, तीत ताक, तेल, लिंबू, हळद घालायची, मग जोर, मग बैठका, मग लढत, आणि हे सगळं अंधार असतानाच. तिघांच्या बोर्डांच्या मधोमध एक वेगळा बोर्ड फक्त या पहाटेवर करायचा ठरला. मला वाटतं भिंतीवरचा तो सगळ्यात कामाचा बोर्ड होणार.

पेंटरकाकांचा पण निरोप आज आला. ते म्हणतात मी चेहरे काढणार नाही. इंटरनेटवरचा फोटो बघून काढलेला चेहरा म्हणजे दुसऱ्याच्या फोटोची नक्कल, आणि परवानगी कुणाकुणाची घेणार. ते अवयव काढणार, कोळशानं. पैलवानांचे मोडलेले कान. झाकीरभाईंची बोटं. कमिटीतले चक्रावलेत पण मला लई पटलंय.

१५ जुलै, मंगळवार

काल संध्याकाळी फौजासिंग गेले. जालंधरजवळ त्यांच्या गावात रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. ११४ वर्षं वय सांगतात. हा माणूस मॅरेथॉन पळायला लागला तो ऐंशीच्या पुढं गेल्यावर, आणि २०११ ला टोरंटोला पूर्ण मॅरेथॉन संपवली तेव्हा शंभर वर्षांचा होता. पण गिनीजनं विक्रम धरला नाही कारण जन्माचा दाखला नाही. १९११ ला पंजाबातल्या खेड्यात कोण दाखला देत होतं.

बोर्ड घेतला. चित्र: पळायचे बूट.

यावरनं एक गोष्ट डोक्यात राहिली, आपण पण नियम केलाय दोन ठिकाणी छापील जुळलं पाहिजे म्हणून. ज्याचं कुठंच छापून आलं नाही त्याचं काय करायचं. अजून उत्तर नाही, पुढं बघू.

२० जुलै, रविवार

क्रिकेटची यादी काढायला बसलो आणि एक गोष्ट दिसली, ती मी आधी कुठं वाचली नव्हती. २०२० ते २०२५ एवढ्या काळात डावखुरे स्पिनर लागोपाठ गेलेत. बापू नाडकर्णी १७ जानेवारी २०२०. राजिंदर गोयल २१ जून २०२०. बिशनसिंग बेदी २३ ऑक्टोबर २०२३. पद्माकर शिवलकर ३ मार्च २०२५. दिलीप दोशी आत्ता गेल्या महिन्यात, २३ जूनला लंडनला. पाचही जण डाव्या हातानं फिरकी टाकणारे. आणि यांच्या गोष्टी एकमेकांत गुंतलेल्या, एकाची सांगायला गेलं की दुसऱ्याची येतेच.

बेदी ६७ टेस्ट, २६६ विकेट. ते टीममध्ये होते म्हणून गोयल आणि शिवलकर दोघांनाही एकसुद्धा टेस्ट मिळाली नाही. गोयल यांच्या रणजीत ६३७ विकेट, तो रेकॉर्ड आहे. शिवलकर यांच्या फर्स्ट क्लासमध्ये ५८९. १९७२-७३ ची रणजी फायनल मद्रासला झाली त्यात शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ घेतले. हा आकडा मी तीनदा वाचला. अशा माणसाला भारताची टोपी नाही. दोशींना मिळाली पण तिशी उलटल्यावर, बेदी थांबल्यावर, १९७९ ला, आणि पहिल्याच टेस्टला ऑस्ट्रेलियाच्या एका डावात ६ विकेट काढून दाखवल्या, मग ३३ टेस्टमध्ये ११४.

नाडकर्णी या सगळ्यांच्या आधीचे. १२ जानेवारी १९६४, मद्रास, इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ ओव्हर मेडन. त्या डावाचा हिशोब ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ रन, विकेट शून्य. प्रॅक्टिसला पिचवर नाणं ठेवायचे आणि त्याच्यावर बॉल पाडायचे. तालमीतल्या एका पोराला हे सांगितलं तर तो दुसऱ्या दिवशी गल्लीत रुपया ठेवून बसला होता. बोर्डानं जे करायला पाहिजे ते छापायच्या आधीच झालं असं म्हणायचं.

शिवलकर गायचे पण, चांगलं गायचे, कार्यक्रम करायचे. म्हणून त्यांचा बोर्ड बरोबर मधे लावायचा, डाव्या हाताला क्रिकेटवाले आणि उजव्या हाताला गाणारे. भिंतीची मांडणी इथनं सुटली, आधी मला कळत नव्हतं की खेळाडू संपून संगीत कुठं सुरू करायचं.

पाच बोर्डांना मिळून चित्र एकच: डावा हात, बॉल धरलेला, पाच वेळा थोडा थोडा फिरवलेला.

२७ जुलै, रविवार

पाऊस लई. काम घरातनं.

जाकार्ता १९६२ च्या एशियाडचा बोर्ड. हा पण असाच सापडला. आंदळकरांचं तिथं ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाईलमध्ये रौप्य. मिल्खासिंगना ४०० मीटरचं सुवर्ण आणि रिलेचं पण. आणि फुटबॉलचं सुवर्ण सुद्धा त्याच एशियाडला, ४ सप्टेंबरला फायनल, दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं, एक गोल पी. के. बॅनर्जींचा आणि दुसरा जर्नेलसिंगचा, जो खरं तर डिफेंडर होता आणि डोक्याला टाके असताना पुढं खेळत होता. कॅप्टन चुनी गोस्वामी. आपल्या यादीतले या टीमचे तिसरे तुलसीदास बलराम. पीके गेले २० मार्च २०२०, चुनीदा ३० एप्रिल २०२०, बलराम १६ फेब्रुवारी २०२३.

म्हणजे कुस्तीवाले, पळणारे, फुटबॉलवाले, सगळे एका गावात एका महिन्यात होते. एकमेकांच्या मॅच बघायला गेले असतील का, जेवायला एकत्र बसले असतील का, हे मला फार वाटत राहिलं. मारुती मानेपण तिथंच होते, कवठेपिरानचे, कुस्तीत एक सुवर्ण एक रौप्य, पण ते २०१० ला गेले म्हणून आपल्या हिशोबात बसत नाहीत. वस्ताद म्हणाले, "हिशोब राहू द्या की, मारुतरावांचं नाव खाली घाला." घातलं.

चुनी गोस्वामींनी नंतर रणजी फायनलला बंगालची कॅप्टनशिप पण केलीय, हे क्रिकेटवाल्या पोरांनी हुडकून काढलं.

नाटेकरांचा बोर्ड आजच संपवला, उद्या त्यांचा स्मृतिदिन. १९५६ ला मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनचा किताब मिळवणारे पहिले भारतीय. १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्या वर्षीच्या यादीत हेच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्याला आज वर्ष झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती, ९ ऑगस्ट, आणि आदल्या रात्री आग. त्या रात्री मी पण तिथं होतो, अख्खं गाव होतं, मोठमोठी माणसं रडत होती. १९१५ चं थिएटर, पॅलेस थिएटर म्हणून शाहू महाराजांनी बांधलेलं, आणि त्याला लागूनच खासबाग, १९१२ चं. कुस्तीचं मैदान आणि गाण्याचं थिएटर पाठीला पाठ लावून. आपली भिंत पैलवान आणि गायक एकत्र का लावते असं जे विचारतात त्यांना मी आता एवढंच सांगतो की खासबागेत जाऊन उभं राहा आणि मान वळवा.

आज आक्का आल्या होत्या, गाणं शिकवतात, देवल क्लबच्या कार्यक्रमांना लहानपणापासून जातात. संगीताची यादी त्यांनीच लावून दिली.

२०२२ च्या सुरुवातीचा महिना त्यांनी मला बोटावर मोजून दाखवला. ८ जानेवारीला रामदास कामत. २२ जानेवारीला कीर्ती शिलेदार. ६ फेब्रुवारीला लतादीदी. "तीस दिवसांत," आक्का म्हणाल्या, आणि पुढं बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दीदींच्या बातमीत बाकी दोघं झाकली गेली, विशेष करून कीर्तीताई, ज्यांनी आई-वडिलांचं म्हणजे जयमालाबाई आणि जयराम शिलेदारांचं संगीत नाटक शेवटपर्यंत चालवलं, २०१८ च्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या. म्हणून तिघांचा बोर्ड एकाच मापाचा करायचा. दीदींचा मोठा पाहिजे असं कमिटीत आलं होतं, आक्कांनी नको म्हटलं आणि मी त्यांच्या बाजूनं.

दीदींच्या बोर्डावर जगाला माहीत आहे ते लिहायची गरज नाही. कोल्हापूरचं लिहायचं. १९४२ ला दीनानाथ गेले, बारा वर्षांच्या मुलीवर घर पडलं, मास्टर विनायकांनी आधार दिला, त्यांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये छोटी कामं करत हे कुटुंब इथं कोल्हापुरात राहिलं, मग कंपनीबरोबर १९४५ ला मुंबईला. तेव्हा आवडो न आवडो तोंडाला रंग लावायला लागायचा. पुढं आयुष्यभर रेकॉर्डिंगला चप्पल काढून उभ्या राहायच्या. पेंटरकाकांनी त्यांचे अनवाणी पाय काढलेत. मी ते चित्र बघून काही बोललो नाही, नुसता तिथं बसलो.

सुलोचना चव्हाण, १० डिसेंबर २०२२. आक्कांना मी विचारलं लावणी तुमच्या यादीत चालते का, तर त्या चिडल्या, म्हणाल्या असा ठेक्यावरचा शब्द टाकून दाखव मग बोल. डोक्यावरचा पदर न ढळू देता अख्खी लावणी गळ्यातनं उभी करायच्या. पद्मश्री मिळाली ती त्या गेल्या त्याच वर्षी. चित्र: पदराचा काठ.

प्रभा अत्रे, १३ जानेवारी २०२४, वय ९१. सायन्स आणि कायदा दोन्ही शिकलेल्या, सरगमवर डॉक्टरेट, किराणा घराणं. त्या गेल्या त्या दिवशी त्यांचा मुंबईला कार्यक्रम होता. एक्क्याण्णव्या वर्षी पुढच्या मैफलीची तयारी झालेली! त्यांच्या चारच दिवस आधी उस्ताद राशिद खान, ५५ वर्षं, हे फार लवकर झालं. शिवकुमार शर्मा १० मे २०२२, संतूर. झाकीरभाईंचं वर लिहिलंच आहे, त्यांच्या बोर्डावर फेब्रुवारी २०२४ ची एक रात्र आहे, तीन ग्रॅमी, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

खाशाबा जाधवांचा स्मृतिदिन, १९८४. भिंतीच्या हिशोबाबाहेरचे, तरी आज तालमीत फोटोला हार घातला. हेलसिंकी ऑलिंपिक १९५२, कुस्तीत कांस्य. जायला पैसे नव्हते तर राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. त्यानंतर आपल्या राधानगरीकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य आणलं ते २०२४ ला. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही गेल्यावर. जिवंतपणी जे करायचं ते राहून जातं हे आपल्याकडं सारखं होत आलंय, आणि या भिंतीत मला तेच सगळ्यात जास्त सलतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

छपाई. हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटन रविवारी झालं, त्यामुळं गेला आठवडाभर सगळे फ्लेक्सवाले त्यातच, आपला नंबर आज लागला. ५ एमएम सनबोर्ड, मॅट लॅमिनेशन, ग्लॉसी अजिबात नको कारण समोर एलईडी असणार आणि चकाकीनं वाचता येत नाही. अक्षर एवढं मोठं की चष्मा घरी विसरलेल्या आजोबांना रस्त्याच्या कडेनं वाचता यावं. पाऊस तिरका येतो म्हणून वर पत्र्याची पडवी, आणि बोर्डाच्या कडांना टेप, नाहीतर कडेनं पाणी शिरून फुगतंय.

मिल्खासिंगच्या मजकुरात शेवटची दुरुस्ती. रोम १९६० ला चौथे आले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या दिवशी ते जे ४५.७३ सेकंदात पळाले तो भारताचा विक्रम १९९८ पर्यंत कुणाला मोडता आला नाही हे वर घेतलं. चौथा नंबर खाली.

२४ ऑगस्ट, रविवार

आज मोठी मिटिंग, आणि मी १५ जुलैला जे लिहिलं होतं त्याच्यावरच.

आमच्या भागातले हलगीवाले मामा गेल्या हिवाळ्यात गेले. आयुष्यभर कुस्तीच्या मैदानात वाजवलं. ज्यांनी मैदान बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, हलगी आणि तिच्या जोडीची घुमकं, कैताळ ही वाद्यं नसतील तर मैदान सुरूच होत नाही. जोड आत उतरली की हलगी कडाडते, कुस्ती अडली की ठेका खाली, कुणी पट काढला की एकदम वर, मागच्या रांगेतल्याला दिसत नसलं तरी हलगीवरनं कळतं की आता काहीतरी झालं. मामांना कुस्ती एवढी कळायची की चितपट व्हायच्या आधी अर्धा सेकंद त्यांची काठी चढायची, हे मी स्वतः ऐकलंय, एकदा नाही. पावसाळी हवेत कातडं ढिलं पडतं म्हणून कागद पेटवून सारखी शेकायची, ते पण दोन कुस्त्यांच्या मधल्या वेळात, एक ठेका चुकू न देता.

त्यांचं कुठंही छापून आलेलं नाही. गेले तेव्हाही नाही, असताना तर नाहीच. एकजण म्हणाला मिल्खासिंग आणि झाकीर हुसेनच्या रांगेत कसं दिसंल ते. दुसरा म्हणाला नियम तुम्हीच केलाय. बरोबर आहे, नियम मीच लिहिलाय. पण तो चुकीचं छापू नये म्हणून आहे, कुणाला बाहेर ठेवायला नाही. फौजासिंगकडं दाखला नव्हता, तरी शंभराव्या वर्षी ते पळाले हे हजारो लोकांनी डोळ्यानं बघितलं आणि आपण बोर्ड केलाच ना. मग वस्ताद उठले. म्हणाले, "माझ्या कुस्तीला त्यो वाजवायचा. मी चार माणसं पाडली आसतील तर त्यातली दोन त्याच्या हलगीनं पाडल्यात." आणि बसले.

ठरलं: ज्याचं छापील काही नाही त्याच्यासाठी तीन वेगवेगळ्या तालमींच्या वस्तादांनी सांगितलेलं धरायचं. तिघांनी सांगितलं, तिघांचंही जुळलं. घरी जाऊन परवानगी घेतली. फोटो एकच, रेशनकार्डवरचा, तो नको म्हणाल्या मामी. त्यांनी हलगीच आणून दिली. नाव बोर्डावर घालायला हो म्हणाल्या पण बाकी कुठं टाकू नका, म्हणून इथं पण नाही.

जागा: शिवलकरांच्या शेजारी, खेळ संपून संगीत सुरू होतं तिथं.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. भिंत काल रात्री उशिरा पूर्ण झाली. आज फक्त मांडव.

३१ ऑगस्ट, रविवार

लोक थांबतात. मला वाटलं होतं फोटो काढून पुढं जातील, तसे जातात पण, तरी बरेच वाचतात, आणि बोट लावून वाचतात. पैलवानांचे कान बघून लहान पोरं स्वतःचे कान चाचपून बघतात. एक आजोबा पहाटेच्या बोर्डापुढं उभे राहून आपल्या नातवाला सांगत होते की मातीत ताक किती घालायचं, आमच्या बोर्डावर प्रमाण नाही याची त्यांनी तक्रार पण केली. पुढच्या वेळी घालायचं.

ऐकायचा कोपरा रात्री उपयोगाचा नाही, पलीकडच्या साऊंडपुढं काही ऐकू येत नाही, हे आधीच धरलं होतं. सकाळी ७ ते ९ ठेवलाय, स्पीकर छोटा, चार खुर्च्या. आक्का रोज येतात. पहिल्या दिवशी दोन-तीन माणसं होती, आज खुर्च्या पुरेनात, लोक कट्ट्यावर बसले. दूधवाला गाडी बंद करून राशिद खानांचा अख्खा ख्याल ऐकून गेला, दूध उशिरा आलं म्हणून कुणी बोललं नाही.

फुटबॉलची पोरं जोटाच्या बोर्डाखाली रोज एक फूल ठेवतात. आधी विचारलेले काकाच त्यांना पाणी मारायला सांगतात आता.

४ सप्टेंबर, गुरुवार

जाकार्ताची फायनल आजच्या तारखेला झाली होती. पोरांनी संध्याकाळी बोर्डापुढं उभं राहून त्या टीमची नावं मोठ्यानं वाचली, माईक नाही काही नाही. प्रशिक्षक रहीमसाहेबांचं नाव शेवटी. त्यांना तेव्हा कॅन्सर होता, पुढच्या वर्षी गेले. हे पोरांना आम्ही सांगितलं नव्हतं, त्यांनी स्वतः शोधलं.

मामी आल्या होत्या, नातवंडांना घेऊन. बराच वेळ उभ्या होत्या. जाताना हलगीवरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाल्या सकाळी ऊन लागंल असं बघा जरा, कातडं गार पडतंय. तेव्हापासून सकाळी मी ती काढून उन्हात ठेवतो आणि मग परत लावतो.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, सगळे अजून झोपेत. मी आणि पेंटरकाका बोर्ड उतरवायला. दोन बोर्ड कडेनं फुगलेत, बाकी चांगले. गावातल्या दोन शाळांनी मागितलेत, खेळाडूंचे एका शाळेत आधी आणि संगीताचे दुसऱ्या, मग बदलायचे. पहाटेचा बोर्ड तालमीतच राहणार, वस्तादांनी हौदाच्या दारावर खिळा आधीच ठोकून ठेवलाय. हलगी घरी पोच केली, मामांचा बोर्ड पण मामींना दिला.

कोळशाची मूळ चित्रं काकांकडं. त्यांना फिक्सेटिव्ह मारून, मधे बटर पेपर घालून सपाट ठेवायचीत, त्याचा खर्च तालीम देणार, मंजूर झालाय.

राहिलेली कामं: मातीचं प्रमाण वस्तादांकडनं लिहून घेणे. जे म्हातारे पैलवान आणि वाजवणारे अजून आहेत त्यांच्याकडं आत्ताच जाऊन त्यांच्या आवाजात रेकॉर्ड करणे, याची यादी आक्का आणि वस्ताद मिळून करतायत, पहिली भेट पुढच्या रविवारी. सकाळचा ऐकायचा कोपरा बंद करू नका असं बऱ्याच लोकांनी सांगितलंय, तर तो महिन्यातनं एकदा चालू ठेवायचा. १३ सप्टेंबरला प्रभाताईंची जयंती, शनिवार येतोय, सकाळी सात वाजता, खुर्च्या शेजारच्या मंडळाकडनं मागवल्यात.